पूर्ण बैठक

जिममध्ये त्याला सगळे अर्ध्या म्हणायचे, कारण खांद्यावर वजन घेतलं की त्याची बैठक कधी अर्ध्याच्या खाली गेलीच नाही. "अरे, बस की नीट खाली. ओल्या बाकावर टेकल्यासारखं काय करतोस?" असं म्हणत ट्रेनर रोज चारचौघांत त्याची सालटी काढायचा.

आज नेमका ट्रेनर सुट्टीवर असताना अर्ध्या इरेला पेटला. नेहमीपेक्षा दोन प्लेट जास्त चढवल्या, आधाराला मित्राला मागे उभं केलं आणि जो खाली गेला, तो पार टाचांवर जाऊन बसला.

पण वर काही येता येईना. मागून धरायचं ते मित्राने, आणि त्याच्या दोन्ही हातांत मोबाइल. "एक नंबर, थांब तसाच," म्हणत तो व्हिडिओ काढत राहिला. शेवटी चौघांनी मिळून आधी वजन उचललं, मग अर्ध्याला.

संध्याकाळी अर्ध्या पलंगावर आडवा, कमरेखाली गरम पाण्याची पिशवी. मित्र मान खाली घालून माफी मागायला आला. अर्ध्याने आधी मोबाइल मागितला, व्हिडिओ टक लावून पाहिला आणि कण्हत म्हणाला,


"खाली जातानाचं ठेव, पुढचं काप, आणि ट्रेनरला पाठव."