उंबऱ्याशी ठेवलेले जोडे

हार्लेमहून आलेला चितारी सकाळपासून हिलेगोंडच्या स्वयंपाकघराचं चित्र काढत होता. चूल, टांगलेली कांद्यांची वेणी, उंबऱ्याशी घरच्यांचे लाकडी जोडे. भिंतीतल्या कपाटासारख्या बिछान्यात तिची सात वर्षांची मार्ते तापाने निजून होती. ऊब टिकावी म्हणून बिछान्याची दारं लावलेली होती.

हिलेगोंड चित्रापाशी थबकली.

"अहो चितारीबुवा, मार्तेच्या जोड्यांची टोकं बाहेर कशी? बाहेर निघणारा तसे ठेवतो. पोर आठवडाभर उठलेली नाही."

"बाई, दिसतं तेच काढतो मी. पदरचं मीठ घालायला हा काय रस्सा आहे?"

तिने वळून पाहिलं. टोकं खरंच बाहेर होती. तिने ती चुलीकडे फिरवली आणि पुन्हा पीठ मळायला घेतलं.

थोड्या वेळाने मान वर केली, तेव्हा टोकं पुन्हा बाहेर होती. आता जोडे उंबऱ्यापलीकडे होते. दोघांपैकी कुणीही जागचं हललं नव्हतं.

तिने जोडे उचलले आणि चुलीत घातले.

"अहो, चित्र अर्धंच झालंय!"

"एवढा वेळ बघितलंत ना? उरलेलं मनानं काढा."

लाकूड पेटलं. हिलेगोंडने श्वास सोडला.

तेवढ्यात बाहेर अंगणातल्या विटांवर छोटे लाकडी जोडे वाजले. टक, टक, सावकाश, कालव्याच्या दिशेने.

चिताऱ्याने कुंचला खाली ठेवला.

हिलेगोंड बिछान्यापाशी गेली. दाराच्या कडीवर हात ठेवून, आतून श्वास ऐकू येतो का, ते ऐकत उभी राहिली.