मधली सीट

"विमानात सईला वेगळी सीट घेऊ या," मृण्मयी म्हणाली. "मध्ये तिची गाडीतली खुर्ची लावायची. इकडे मी, तिकडे तू."

जयदीपचं बोट लॅपटॉपवर थांबलं. आठ महिने तो जहाजावर होता. लेक जन्मली तीसुद्धा त्यानं फोनवरच पाहिली. परत आल्यापासून पलंगावर मध्ये सई, सोफ्यावर मध्ये सई. निदान दिल्लीच्या विमानात तरी बायकोचा हात हातात घेऊन बसता येईल, असं त्याला वाटत होतं.

"एवढ्या लहान मुलांना सीट लागत नाही," तो म्हणाला. "बसेल तुझ्या मांडीवर."

"माझ्याच का?"

"मग कोणाच्या? माझ्याकडे येते कुठे ती? आणि तुला तरी तिच्याशिवाय दुसरं कोण दिसतं?" बोलून गेल्यावर त्याचे कान तापले. पोटच्या पोरीचा हेवा करत होता तो!

मृण्मयी हसली नाही. "मांडीवर असली की ती माझ्याच कुशीत तोंड खुपसते," ती हळूच म्हणाली. "खुर्चीत बसली, तर दोन तास तू तिच्या शेजारी असशील. मी डोळे मिटून पडून राहीन. मग तिला तुझ्याकडेच बघावं लागेल."

जयदीप झोपलेल्या सईकडे बघत राहिला. हेवा पुरता गेला नव्हता. तरी त्यानं तीन तिकिटं काढली.

"रडली तर कशानं गप्प होते," त्यानं विचारलं, "ते मला शिकवून ठेव."