किती झाले?

४,१७,२६०

"उघडायचं नाही," बाबा म्हणाले. "चालत्या इंजिनाचं पोट फाडायची हौस कशाला?"

"चार लाख सतरा हजार किलोमीटर झालेत, बाबा. टायमिंग बेल्ट आजवर एकदाही बदललेला नाही. आणि उद्या मी ही गाडी घेऊन घाट उतरणार आहे."

"थोरली आहे ती. तुझ्यासारखी नाही, जरा वारं लागलं की शिंकायला."

थोरली म्हणजे ट्रक. मुलीच्या आधी वर्षभर घरात आला, म्हणून तो थोरली आणि मुलगी धाकटी. बाबांचा गुडघा गेला तशी किल्ली धाकटीकडे आली. उद्याची तिची पहिली खेप.

चोवीस वर्षांत थोरलीला परका हात लागला नव्हता. ऑइल, फिल्टर, ब्रेक, सगळं बाबा स्वतः करायचे. बेल्टचं कव्हर तेवढं त्यांनी कधी उघडलं नाही. आतला बेल्ट कंपनीचा, पहिल्या दिवशीचा. ट्रकवाल्यांच्या अड्ड्यावर ते हे सांगायचे आणि नवे ड्रायव्हर थोरलीच्या बॉनेटवर हात ठेवून जायचे.

खिडकीशी आई शिलाई मशीनवर वाकली होती. बसायला तिच्या वडिलांची हत्यारांची लोखंडी पेटी, वर चपटी झालेली उशी. शेजारी मापांची वही. इंग्रजी एक आणि सातात घोळ होऊन कुणाची बाही आखूड होऊ नये, म्हणून सातच्या कमरेत ती आडवी रेघ मारायची.

"अजून तीस हजार तरी काही होत नाही तिला," मान वर न करता आई म्हणाली.

"तुला काय कळतं गं त्यातलं?"

"मला काय कळणार?" आईने दोरा दाताने तोडला.

८७,१२०

"किती झाले?" आईने दारातच विचारलं.

बाबा तीन दिवसांनी घरी आले होते. कसे आहात, दमलात का, असलं काही ती विचारत नसे. फक्त किती झाले. बाबांना त्याची गंमत वाटायची.

आकडा सांगून ते जेवले आणि आडवे झाले, ते दुसऱ्या दिवशी दुपारी उठले. चार वर्षांच्या धाकटीला शेजारच्या काकूंकडे खेळायला पाठवलेलं होतं.

४,१७,२६४

"नव्वद हजार नाहीतर पाच वर्षं. जे आधी होईल ते." मिस्त्रींनी हात पुसले. "त्यापुढे बेल्ट नुसता विश्वासावर चालतो."

"आणि तुटला तर?" धाकटीने विचारलं.

"पिस्टन वर येऊन वॉल्व्हवर आपटणार. इंजिन भंगारात. आणि घाटात, भरल्या गाडीने उतरत असलीस, तर स्टिअरिंग दगड होतं, ब्रेक जड. मग इंजिनाचं राहू दे, पोरी."

गॅरेजबाहेर जुन्या टायरवर बाबा पाठ करून बसले होते. शेवटी ते एका अटीवर आले होते: बेल्ट पाहायचा, पण धड निघाला तर नुसतं कव्हर बंद करायचं, आणि पुन्हा कधी थोरलीच्या वयावरून बोलायचं नाही.

"मिस्त्री," ते तिकडूनच ओरडले, "हळू हात लावा! लाजाळू आहे ती."

"तिचं लग्न लावत नाहीये, साहेब. पाना लावतोय."

१,७७,०४५

"किती झाले?"

दोन दिवसांनी आईच्या अंगठ्याचं नख काळंनिळं दिसलं.

"मशीनच्या चाकात सापडलं," आई म्हणाली.

२,६७,३१०

"किती झाले?"

बाबा चौदा तास झोपले. उठून त्यांनी ट्रक चालू केला, डोळे मिटून ऐकलं आणि धाकटीला हाक मारली. "आवाज ऐक. माणूस झोपून ताजा होतो ना, तशीच ही पण होते बघ. असली गाडी पुन्हा नाही बनणार."

आई स्वयंपाकघरात हात धूत होती. बराच वेळ धूत होती.

३,५७,०८०

"किती झाले?"

या खेपेला आईचा खांदा धरला. मशीन दोन दिवस बंद. बाबा तेल चोळून देत कुरकुरत होते, "एवढे कपडे घ्यायचेच कशाला शिवायला?"

"आता नाही घेत," आई म्हणाली.

४,१७,२६४

कव्हरचे बोल्ट लोण्यातून निघावेत तसे निघाले. मिस्त्री थबकले. चोवीस वर्षांचे बोल्ट असे निघत नाहीत.

त्यांनी टॉर्च आत धरली. बेल्टवर बोट फिरवलं, अंगठ्याने दाबून पाहिला. मग टॉर्च धाकटीच्या हातात दिली आणि स्वतः बाजूला झाले.

"हा कंपनीचा? हा फार तर साठ हजार चाललाय."

"मग बदलायला हवा?"

"कशाला? अजून तीस हजार डोळे झाकून जाईल. आणि बसवलाय कसा बघ. खुणेला खूण. ताण एवढा नेमका की मला हेवा वाटतोय. ताण धरणारा टेन्शनरही नंतर बसवलेला आहे. बिनधास्त उतर घाट." त्यांनी मान हलवली. "कोण आहे हा मिस्त्री? पत्ता दे. चाळीस वर्षं हे काम करतोय मी, पण त्याच्या हाताखाली उभा राहीन."

"गाडीला कुणाचा हातच लागला नाही, काका."

"मग हे काय भुतानं लिहिलं?" त्यांनी कव्हर उलटं करून तिच्यापुढे धरलं.

"काय गं धाकटे," बाहेरून बाबांचा आवाज आला, "कंपनीचाच आहे ना?"

धाकटीने कव्हर हातात घेतलं. ती उजेडाकडे वळली. आतल्या बाजूला पांढऱ्या रंगात, एकाखाली एक, चार आकडे होते. ८७,१२०. १,७७,०४५. २,६७,३१०. ३,५७,०८०.

प्रत्येक सातच्या कमरेत एक आडवी रेघ.