कमी पडलेलं एक मत

तिसऱ्यांदा मोजूनही आकडे तेच राहिले. पॅट्रिशिया होम्स आठशे बारा, शिवलीला आठशे अकरा.

व्यंकोजीरावांनी फोनवर निकालाचं पान पुन्हा उघडलं. कानडी मुलखातल्या हेब्बाळच्या त्यांच्या घरात संध्याकाळी सातच्या सुमाराला नेट हटकून रडायचं. आज मेलं लगेच लागलं आणि तेच आकडे दाखवून मोकळं झालं.

“एका मतानं गेली पोरगी,” ते म्हणाले.

“स्वल्प दमानं घ्या,” वसुमतीबाई म्हणाल्या. “तुमची बीपीची गोळी राहिलीये.”

शिवलीला, त्यांची एकुलती लेक, इंग्लंडातल्या एका विद्यापीठाच्या गावी बारा वर्षं शिकवत होती. भारताचा पासपोर्ट असला तरी तिथल्या नगरपालिकेला मत देता येतं, उभंही राहता येतं, हे तिनं कळवलं तेव्हा व्यंकोजीरावांची दोन दिवस झोप उडाली होती. पंचवीस वर्षांपूर्वी त्यांनी स्वतः इथं नगरसेवकपदासाठी अर्ज भरला होता. अनामतसुद्धा वाचली नाही. तेव्हापासून दारापुढचं गटार तुंबलं की ते तक्रार लिहून पालिकेत नेऊन देत, आणि खिडकीतला माणूस ‘सरी, बरं, बघतो’ म्हणून ती कशाखाली तरी सरकवून देई. आता तर निवडणुकाच न झाल्यानं कित्येक वर्षांत वॉर्डाला निवडून आलेला नगरसेवकच नव्हता, मग भांडायचं तरी कुणाशी? इथं मोजायला मतंच नाहीत आणि तिथं एक कमी पडलं, या विचारानं त्यांचं डोकं फिरून गेलं.

घरात कुणीतरी एकदा निवडून यावं, एवढीच त्यांची हौस राहिली होती. त्यासाठी दोन महिने त्यांनी इथं बसून प्रचार केला. लेकीच्या वॉर्डातल्या मराठी आणि कन्नड घरांची यादी मिळवली आणि एकेकाला फोन करून भंडावून सोडलं. लेकीचं धरून एकूण एकतीस मतं होती. मत दिल्यावर केंद्राबाहेर उभं राहून फोटो पाठवायचा, अशी तंबीही त्यांनी सगळ्यांना दिली होती. लोक बिचारे सज्जन, म्हाताऱ्याचा मान राखून त्यांनी पाठवले.

आता ते फोटो पुन्हा एकेक करून बघायला त्यांनी सुरुवात केली. पहिलाच निघाला शिवलीलाचा. शेजारी त्या होम्सबाई, दोघी खो खो हसताहेत.

“बघ, शत्रूच्या गळ्यात गळा घालून उभी आहे.”

“तुम्हीच तर वाढवलंत तिला तसं,” वसुमतीबाई म्हणाल्या. “पंगतीत स्वतःच्या पानात आधी वाढून घेतलं म्हणून एकदा भर मांडवात ओरडला होतात तिला. आठ वर्षांची होती.”

“ते वेगळं,” व्यंकोजीराव म्हणाले आणि पुढचा फोटो उघडला.

मोजणी संपली तेव्हा तीसच फोटो भरले. एकतिसावा नव्हता तो अपूर्वचा, वसुमतीबाईंच्या धाकट्या बहिणीच्या मुलाचा. तो तिथंच पीएचडी करत होता आणि पहिले सहा महिने शिवलीलाच्या घरीच राहिला होता. व्यंकोजीरावांनी त्याला लगेच फोन लावला.

“फोटो का नाही पाठवलास?”

“काका, लंडनची गाडी गाठायची होती, घाईत राहिला. पण सकाळी सातला केंद्र उघडल्या उघडल्या मत देऊनच निघालो.”

“सातला? नऊच्या आत कधी उठल्याचं तुझ्या आईनंसुद्धा पाहिलेलं नाही.”

“खरंच दिलं, काका. मावशीची शपथ.”

“तिला मध्ये आणू नकोस. सहा महिने त्या पोरीच्या हातचं जेवलास आणि तिच्यासाठी दहा मिनिटं काढवली नाहीत तुला. आजपासून मला काका म्हणायचं नाही, आणि या घराची पायरी चढायची नाही.”

पलीकडे अपूर्व काहीतरी बोलू पाहत होता. यांनी फोन ठेवून दिला.

वसुमतीबाई स्वयंपाकघरात जाऊन नुसत्याच उभ्या राहिल्या. बहिणीला आता कोणत्या तोंडानं फोन करायचा, हे त्यांना कळेना. व्यंकोजीरावांना मात्र बरं वाटलं. दिवसभराच्या चडफडीला एकदाचं माणूस सापडलं होतं.

पंधरा मिनिटांनी शिवलीलाचा फोन आला. मागे खुर्च्या सरकवल्याचे आवाज येत होते.

“अप्पा, जेवलात?”

“कसलं जेवण? चोर सापडलाय. अपूर्व. चांगला खडसावलाय त्याला. संबंध संपला.”

तिकडे दार लोटून घेतल्याचा आवाज आला. “अप्पा, त्याला आधी फोन करा. माफी मागा त्याची.”

“मी? त्या दिवट्याची?”

“त्याचं काही चुकलेलं नाही.”

“मत गुप्त असतं. तुला काय ठाऊक त्यानं काय केलं ते?”

“त्याचं मला ठाऊक नाही. कमी पडलेलं कुणाचं, ते ठाऊक आहे.”

व्यंकोजीराव ताठ बसले. त्यांनी उशाची वही ओढली, पेन उघडलं. “नाव सांग. कुणीही असो, जन्मात त्याचं तोंड बघणार नाही.”

“होम्सबाई आणि मी केंद्रावर एकदमच पोचलो,” शिवलीला हळू आवाजात म्हणाली. “वीस वर्षं झिजल्यात त्या या वॉर्डासाठी. हातात कागद आला, आणि स्वतःच्याच नावापुढं खूण करायची मला लाज वाटली, अप्पा. मी त्यांना दिलं.”