सीटखालचं बटण

गाडीच्या सहाव्या बॅटरीचं झाकण उघडून मेकॅनिकने कपाळाला हात लावला. "बाई, हिला पाणी शेवटचं कधी दाखवलंत? कोरडी ठणठणीत आहे."

मोठी बहीण ओशाळली. "सहा महिने बंदच आहे. घेतली तीच जुनी. धाकटी म्हणते, आतला कुठलासा भाग गेलाय, तो आता मिळत नाही."

खुब्याचं हाड मोडल्यापासून तिला अंगणापलीकडे चालवत नव्हतं. म्हणून तिने गोल्फच्या मैदानावरची ही वापरलेली गाडी घेतली. उताराखाली तिचं शिवणाचं दुकान होतं, एकटीने उभं केलेलं. गाडीतून ती रोज तिथे जायची. गाडी बंद पडली आणि दुकान धाकट्या बहिणीकडे गेलं. "कशाला जिवाला त्रास? मी आहे ना तुझे पाय," धाकटी रोज म्हणायची. ऐकून मोठीला भरून यायचं.

आता धाकटी कापड आणायला तीन दिवस परगावी गेली होती. ती येईपर्यंत गाडी चालू करून तिला चकित करायचं होतं.

मेकॅनिकने दोन दिवस राबून राहिलेली सगळी कामं उरकली. बॅटऱ्यांत पाणी भरलं, त्या चार्ज केल्या, ब्रेक आवळले, चाकांत हवा भरली. किल्ली फिरवली. गाडी ढिम्म.

त्याने पुन्हा सीट उचलली आणि हसायलाच लागला. "काखेत कळसा न् गावाला वळसा! गाडी ओढून न्यायची असली की हे बटण फिरवतात. मग किल्ली लावून उपयोग नाही. कुणीतरी फिरवलंय."

"आपोआप फिरलं असेल."

"छे हो! बोटाने ओढून फिरवल्याशिवाय हलत नाही ते." त्याने बटण परत फिरवलं आणि गाडी सुरू झाली.

घरात दोघीच राहत होत्या. म्हणजे धाकटीनेच. हिच्या वेण्या घातल्या, हिला सुईत दोरा ओवायला शिकवला, आणि हिने घरात कोंडून ठेवलं? तरी तिने ठरवलं, एकदा विचारायचं. खरं बोलली तर पोटात घालायचं.

संध्याकाळी धाकटी आली तेव्हा मोठी गाडीतच बसली होती.

"मेकॅनिकला बोलावलं होतं. सगळं करून झालं, तरी हलत नाही गं. काय झालं असेल?"

धाकटीच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. सीटकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. "मी म्हटलं नव्हतं? जाऊ दे, ताई. मी आहे ना तुझे पाय."

"मग जरा बाजूला हो," मोठी म्हणाली आणि तिने किल्ली फिरवली.