अडीचशे सीसीचा आवाज

माझी मोटरसायकल परदेशातून मागवलेली. इंजिन जेमतेम अडीचशे सीसीचं, पण आवाज असा की गल्लीतली कुत्री आधी पळतात आणि मग भुंकतात. शहरात तशी दुसरी नाही, हे मी कुणी न विचारताही सांगतो. म्हणूनच तिचे सुटे भागही मिळत नाहीत, हे मात्र सांगत नाही.

गिअरबॉक्समधलं अंगठ्याएवढं एक चाक तुटलं आणि गाडी कित्येक महिने पार्किंगमध्ये उभी राहिली. रोज संध्याकाळी मी खाली जाऊन तिच्यावर नुसताच बसायचो. शेजारी हसायचे. हसण्यासारखंच होतं ते, कारण मी हेल्मेटही घालायचो.

एकदा बायको शाळेतून आली ती वर न जाता माझ्या मागे येऊन बसली.

"कुठवर आलो?" तिने विचारलं.

"वळण आलंय, घट्ट धर."

ती हसली. मग माझ्या पाठीला म्हणाली, "अहो, हल्ली वर्गात मुलांची नावं आठवत नाहीत मला. भीती वाटते."

मी हेल्मेट काढलं. त्यानंतर ती रोज यायची, मागे बसून थोडंथोडं सांगायची.

अखेर चाक आलं, बसलं. मी तिच्यासाठीही हेल्मेट आणलं, तिला मागे बसवलं आणि मोठ्या ऐटीत गाडी सुरू केली. सगळी इमारत दणाणली.

तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"अहो, बंद करा ना जरा. मला बोलायचंय."