शिट्ट्यांचं पत्र

फोन वाजला तसा आईने हातातला कांदा टाकला, रिसीव्हर उचलला, "हं ठके, लाव," एवढंच म्हणाली आणि रिसीव्हर टेबलावरच्या डब्यावर पालथा ठेवला. मग तळहाताने स्वतःचं तोंड गच्च दाबून धरलं. हाताला कांद्याचा उग्र वास येत होता, पण तिने हात काढला नाही.

डबा लेकीनेच बनवलेला. ठकी जहाजावर, समुद्राच्या तळाशी तारा टाकायच्या कामावर होती. तिथे सगळ्यांत मिळून फोन एकच, आणि मागे नंबर लावून उभी असलेली माणसं. इकडे बॉयलरच्या कारखान्यात बाबांचे कान गेले ते कायमचे. त्यामुळे लेक फोनवर बोलायची ती आईशी, आणि बाबा शेजारी बसून आईच्या ओठांकडे बघत राहायचे. त्यावर ठकीने ही युक्ती काढली. तिकडे ती कॉम्प्युटरवर पत्र लिहायची, कॉम्प्युटर त्या अक्षरांच्या शिट्ट्या करायचा, आणि इकडे डब्यातली नखाएवढी चिप त्या शिट्ट्या ऐकून पुन्हा अक्षरं जुळवायची. सगळं नीट पोचलं तर हिरवा दिवा आणि डब्याच्या पडद्यावर पत्र. मध्ये कुणी खोकलं, भांडं आपटलं, की लाल दिवा. मग पत्रातलं एक अक्षरही दिसायचं नाही.

बाबांना लेक परत मिळाली. एकेक पत्र ते दिवसभर वाचत बसायचे. आईच्या वाट्याला मात्र शिट्ट्या आल्या. शेवटी "हिरवा?" "हिरवा." "बरं, ठेवते." एवढाच काय तो लेकीचा आवाज.

मग एकदा आईला राहवलं नाही. शिट्ट्या चालू असतानाच तिने विचारलं, "सर्दी गेली का गं तुझी?" लागला लाल दिवा. ठकी फोनवर आली ती फणकारतच. "आई! तुला जरा वेळ गप्प बसवत नाही का? थांब आता, परत लावते." परत लावेपर्यंत पोरगी आईला बोल लावत राहिली, मध्येच हसलीही. आई मान खाली घालून ऐकत होती आणि मनातून सुखावत होती. लेकीची बोलणी खायची तिला चटकच लागली. पुढच्या खेपेला हातातून झाकण पडलं, त्याच्या पुढच्या खेपेला ठसका लागला. बाबांना ऐकू येत नव्हतं, पण डोळे शाबूत होते.

गेल्या पत्रात ठकीने शेवटी लिहिलं होतं, "जहाज आता आणखी लांब जातंय. पुढच्या खेपेला जेमतेम एका पत्रापुरता वेळ मिळेल, परत पाठवता येणार नाही. नंतर बरेच दिवस फोन नाही. आईला म्हणावं, ओठ शिवून घे." बाबांनी ते मोठ्याने वाचून दाखवलं, आणि आईने मुकाट्याने मान हलवली. आपल्या हौसेपायी त्यांच्या तोंडचा घास काढून घ्यायचा म्हणजे फारच झालं.

म्हणून आज ती श्वाससुद्धा जपून घेत होती. शिट्ट्या किरकिरत होत्या, एक जाड, एक बारीक, एकीपाठोपाठ एक. यातली 'आई' कुठली, ते काही तिला कळत नव्हतं. पडद्यावर एक काळी पट्टी हळूहळू सरकत होती, ती भरली की पत्र उमटणार. बाबा पडद्याला नाक लावून, हात मांडीवर ठेवून शहाण्या मुलासारखे बसले होते. पट्टी पावभर भरली.

तिला लेकीचा आवाज हवा होता. बस्स. ती काय बोलते त्याच्याशी घेणंदेणं नव्हतं. रागावली असती तरी चाललं असतं.

बाबांनी पडद्यावरून नजर काढून तिच्याकडे पाहिलं. तोंडावर दाबलेल्या हाताकडे, मग डोळ्यांकडे. तिने दुसऱ्या हाताने कांद्याकडे बोट दाखवलं. बाबांनी पटल्यासारखी मान डोलावली. मग ते डब्यावर वाकले आणि घर दणाणून सोडत ओरडले, "ठकेऽ! जेवलीस का गं?"

लाल दिवा लागला. शिट्ट्या तटकन थांबल्या.

"अहो, काय केलंत हे!" आईने कपाळावर हात मारून घेतला. डब्यावरच्या रिसीव्हरमधून बारीक आवाज येत होता, "बाबा? आई, बाबा बोलले? अगं, आता परत नाही पाठवता येणार! केवढं लिहिलं होतं मी त्यांना!"

बाबांनी रिसीव्हर उचलून आईच्या कानाला लावला.

"मी नाही गं, शप्पथ," आई म्हणाली. "तुझ्या बाबांनीच घोळ घातला. राहू दे आता ते पत्र. तू बोल. काहीही बोल. रागव हवं तर."

ठकी रागावली. मग हसली. मग काय जेवली, कुठे झोपते, समुद्र बघून बघून किती कंटाळा येतो, ते सगळं ती भराभर सांगायला लागली. बाबांना यातलं काहीच कळत नाही हे आईच्या एकदम लक्षात आलं. ती त्यांच्याकडे वळली आणि ओठ मोठे करून सांगू लागली, "ती म्हणतेय, की..."

बाबांनी हात वर करून तिला थांबवलं. आवाज हळू ठेवायचा त्यांनी प्रयत्न केला, तो काही त्यांना जमला नाही.

"मला नंतर सांग," ते म्हणाले. "आधी तू पोटभर ऐक."